तेरा बरोबरच्या खुणा

मी पूजा करत नाही, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. छप्पन सालानंतर आजोबांनी घरातले देव काढले ते काढले, पुन्हा कुणी मांडले नाहीत. वडील माणगावला शाळेत मास्तर होते, ते तर नारळ फोडतानाही दिसले नाहीत कधी. त्यामुळे खंडेनवमीला बायका मशिनींना हार घालतात तेव्हा मी बाजूला उभी राहते आणि पेढा तेवढा खाते. पेढ्याशी माझं भांडण नाही. नेमकं हेच बघून आमच्या प्रॉडक्शनच्या हितेश सरांना वाटलं की ही बाई आपल्या कामाची आहे.

आमचा कारखाना पाण्याच्या पंपांचा. न्हावा शेव्याच्या रस्त्याला कंटेनरच्या यार्डांची रांग संपते तिथे डाव्या हाताला आहे. मी किशोरी, तिथली लाईन लीडर, हाताखाली अकरा बायका. गेल्या वर्षी आमच्या लाईनवर रोबो आला. दुसऱ्या शेडमधले रोबो मोठे, पिंजऱ्यात बंद असतात, माणसाने त्यांच्याजवळ जायचंच नाही. हा तसा नव्हता. पांढरा, एकाच हाताचा, माणसाएवढा, आणि आमच्या मध्ये उभा राहून काम करणारा. तो चार किलोचं पंपाचं लोखंडी कवच उचलून चौकटीत ठेवायचा, मग बाईने हात घालून रबराची सील बसवायची, ती बाजूला झाली की तो स्क्रू आवळायचा.

त्याच्या पायाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक काळी डबी होती. तिला स्कॅनर म्हणतात, तोच त्याचा डोळा. जमिनीवर पिवळा पट्टा आणि लाल पट्टा रंगवलेला. पिवळ्यावर पाय पडला की तो हळू व्हायचा, लाल पट्ट्यावर पडला की थांबायचा. दिवसातून चारशे वेळा तरी थांबत असेल. सगळं हातात द्यावं लागतं, कुणी जवळ गेलं की हात आखडून उभा राहतो, आणि त्याला बोलायची सोय नाही. म्हणून बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव जावई ठेवलं.

त्याच्यासोबत पुण्याहून साक्षी नावाची मुलगी दोन दिवस शिकवायला आली होती. मुलगी साधी, पण बोलायला रोखठोक. तिने मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ते शब्दाला शब्द लक्षात आहे. "ताई, याच्या डोळ्यापुढे काही आलं, काच मळली, तार तुटली, काहीही झालं तरी हा थांबणारच. याला दिसेनासं झालं की हा उभा राहतो. ज्या दिवशी न बघता चालायला लागेल त्या दिवशी समजा, कुणीतरी मुद्दाम त्याचा डोळा बंद केलाय." मग तिने मला रोजचा एक फॉर्म दिला. सकाळी पिवळ्या पट्ट्यावर पाय ठेवून बघायचं, तो हळू झाला की 'स्कॅनर चालू आहे' या ओळीपुढे बरोबरची खूण करायची आणि सही करायची. हे काम माझं, दुसऱ्या कुणाचं नाही.

रबराच्या सीलवर तुळसाबाय असायची. वय बावन्न, जवळच्याच गावची. सासरच्यांची मिठागरं होती, ती बंदराला गेली. घरातले पुरुष ट्रेलर चालवायला लागले आणि ही कारखान्यात आली. मिठागरावर अवजाराला कुंकू लावल्याशिवाय हंगाम सुरू करायचा नाही अशी त्यांची रीत, ती तिने पंपांच्या लाईनवरही आणली. तिचं तोंड मोठं फटकळ. मला पहिल्या दिवशी म्हणाली होती, तुझा देव न्हाय तर न्हाय, पण जेवताना डबा एकटीने खाल्लास तर बघ. तेव्हापासून माझा डबा मी एकटीने खाल्लेला नाही.

यंदा खंडेनवमीला तिने जावयाची अशी पूजा केली की सासू काय करेल. दंडाला टिळा लावला, झेंडूचा हार घातला. मग म्हणाली, डोळा आहे ना त्याचा, त्याला आधी लावायला पाहिजे. आणि स्कॅनरच्या काचेवर हळदकुंकवाची चांगली दोन बोटं ओढली. मी बाजूला पेढा खात उभी होते. मला हसू आलं, मी थांबवलं नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर जावई जागचा हलेना. साक्षीने सांगितलं होतं तसंच झालं, काच मळली म्हणून तो उभा राहिला. मेंटेनन्सच्या सिद्धेशने काच पुसायला घेतली, पण कुंकू तेलकट, लवकर निघेना. दिवाळीच्या आधीचा माल जायचा होता. हितेश सर तिथे उभे राहून घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी सिद्धेशला सांगितलं की काच साफ होईपर्यंत जंपर टाक. म्हणजे पॅनेल उघडून स्कॅनरच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडायचा. मग मशिनीला वाटतं की डोळा सगळं ठीक आहे म्हणतोय.

तासाभरात काच साफ झाली, कडेला थोडा लाल डाग तेवढा राहिला. पण त्या तासाभरात हितेश सरांनी पाहिलं की जावई थांबतच नाहीये. कवच ठेवलं, सहा सेकंद, की हात खाली. बायकांनी त्या सहा सेकंदांत हात घालून काढायचा. चार पंप व्हायचे त्या वेळात पाच होत होते. सर म्हणाले, दिवाळीपर्यंत राहू दे. बायकांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांना वाटलं, मशिनची सेटिंग बदलली असेल.

मला वाटण्याचा प्रश्न नव्हता, मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या पट्ट्यावर पाय ठेवला, जावई तसाच भरधाव चालू. मी फॉर्म घेऊन सरांकडे गेले. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "किशोरीताई, दिवाळीपर्यंतची तर गोष्ट आहे, करून टाका टिक. मी आहे ना." आणि मी केली.

का केली, ते सांगते. भीती हे एक कारण झालं. पण दाराजवळच्या बोर्डावर रोज कुठल्या लाईनने किती माल काढला ते लिहितात, आणि त्या आठवड्यात आमच्या लाईनचं नाव पहिल्यांदाच सगळ्यांत वर गेलं होतं. मला ते बघायला आवडत होतं. पहिल्या दिवशी खूण करताना हात अडखळला, चौथ्या दिवशी मी चहा पिता पिता केली. अशा तेरा खुणा झाल्या.

तेराव्या खुणेच्या दिवशी अकराच्या सुमाराला एक सील वाकडी बसली. तुळसाबायने ती सरळ करायला पुन्हा हात आत घातला. तिच्या अंगवळणी वर्षभराचा जावई होता, माणूस दिसला की थांबणारा. स्क्रू आवळायला त्याचा हात खाली आला आणि तिचं मनगट त्या हाताच्या आणि कवचाच्या मध्ये सापडलं. अंगाला लागल्याबरोबर तो थांबला, त्याला तशी अक्कल दिलेली आहे. पण ती अक्कल हळू चालण्यासाठी होती, त्या वेगासाठी नव्हती. मी लाल बटण दाबलं तेव्हा तुळसाबाय ओरडतही नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. उजव्या मनगटाची दोन हाडं मोडली होती. मूठ पुन्हा पहिल्यासारखी वळेल की नाही, हे डॉक्टर आताच सांगायला तयार नव्हते. सून उशाशी बसली होती. तुळसाबाय मला पाहून म्हणाली,

"किशोरी, माझाच चुकला गो. देवाला लावाचा कुंकू मी मशिनीला लावला. त्याला चालला न्हाय. सायेब काल येऊन सांगून गेले, कुंकवानंच तो आंधळा झाला."

म्हणजे हितेश सर माझ्या आधी पोचले होते. मी तिथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण सून माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि मी तो चहा प्याले. आजवर इतका कडू चहा मी प्यालेली नाही.

कारखान्यात आले तर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद तयार होता. तुळसा हिने कोणालाही न विचारता सुरक्षा उपकरणावर कुंकू लावले, त्यामुळे उपकरणाची नजर मंद झाली, अपघातास ती स्वतः जबाबदार आहे, तिला कामावरून कमी करण्यात यावे. खाली माझं नाव, सहीसाठी जागा. जोडीला काचेच्या कडेवरच्या लाल डागाचा फोटो. वड्याचं तेल वांग्यावर काढायची त्यांनी पूर्ण तयारी केली होती.

मी कागद खाली ठेवला. सर खुर्चीत मागे रेलले आणि अगदी आपुलकीने बोलायला लागले.

"तुम्ही तर हे मानतच नाही, किशोरीताई. तुम्ही शिकलेल्या घरातल्या. ही अंधश्रद्धा कारखान्यात नको, हे तुमच्याइतकं कोण बोलू शकेल? तुमच्या सहीला वजन आहे."

मला आधी समजलंच नाही, मग समजलं आणि कानशिलं तापली. माझ्या आजोबांनी देव का काढले, त्या देवांच्या नावाखाली त्यांना काय काय सोसावं लागलं होतं, हे या माणसाला ठाऊक नसेल. पण ते ज्यासाठी काढले, त्याच्या नेमकं उलटं तो आमच्याच नावावर मागत होता. एका गरीब बाईला देवाच्या नावाने दोषी ठरवायचं आणि सही माझी घ्यायची. मी म्हटलं, सर, मी कुंकू मानत नाही, म्हणूनच कुंकवाने कुणाचा हात मोडतो हेही मानत नाही.

सरांचा आवाज बदलला. त्यांनी खणातून फॉर्मची फाईल काढली आणि पाने एकेक करून माझ्यापुढे मांडली. तेरा पाने, तेरा खुणा, तेरा सह्या, सगळ्या माझ्या.

"स्कॅनर चालू होता असं तुम्हीच लिहिलंय. चालू असेल तर मग दोष कुंकवाचा. आणि चालू नव्हता म्हणत असाल, तर तुम्ही तेरा वेळा खोटं लिहिलंत. यातलं कुठलं ते तुम्ही ठरवा. परवा इन्स्पेक्टर येणार आहेत."

दोन दिवस मी नीट जेवले नाही. सगळ्या बाजूंनी विचार केला आणि प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन पोचले. सही केली तर तुळसाबायचा हात गेला, नोकरी गेली आणि वर दोषही तिचाच. नाही केली तर मी खोटारडी, आणि खोटारडी मी होतेच. मधला रस्ता शोधत होते तो नव्हता. एकदा असंही मनात आलं की आजारी पडावं आणि त्या दिवशी जाऊच नये. या विचाराची मला अजून लाज वाटते.

परवाच्या दिवशी कारखान्याच्या तपासणीच्या सरकारी बाई आल्या. बारीक अंगाच्या, पायात बूट, हातात वही, कुणी पुढे केलेली खुर्ची न घेणाऱ्या. जंपर तोपर्यंत निघाला होता, लादी चकाचक झाली होती, काचेचा लाल डाग मात्र जपून ठेवला होता. हितेश सरांनी डाग दाखवला, फोटो दाखवला, पूजेची गोष्ट रंगवून सांगितली. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की रोजची तपासणी कोण करतं. मी पुढे झाले. सर माझ्याकडे बघून किंचित हसले, फाईल त्यांच्या काखेतच होती.

मी बाईंना म्हटलं, मॅडम, मशीन चालू करून बघू या का? त्या म्हणाल्या, बघा. सिद्धेशने मशीन चालू केलं. लाल डाग काचेवर होताच. मी पिवळ्या पट्ट्यावर पाय ठेवला, जावई हळू झाला. लाल पट्ट्यावर ठेवला, थांबला. मागे आले, पुन्हा चालू. डागाने त्याला काडीचाही फरक पडत नव्हता. सर म्हणाले की त्या दिवशी कुंकू जास्त असणार.

तुळसाबायचा कुंकवाचा करंडा तिच्या कपाटात होता, कपाटाला कधी कुलूप नसायचं. मी तो आणला. आयुष्यात पहिल्यांदा कुंकवात हात घातला, मूठभर घेतलं आणि खाली बसून काचेवर सगळं थापलं, तळहाताने चोळून चोळून. बाकीच्या दहा बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, त्यांना वाटलं किशोरीचं डोकं फिरलं. जावई जिथल्या तिथे थांबला. दिवा लाल झाला, पॅनेलच्या पडद्यावर काच साफ करा अशी सूचना आली. सिद्धेशने दोनदा बटण दाबलं, तरी तो हलला नाही.

हाताच्या काकणाला आरसा कशाला लागतो? कमी कुंकू असेल तर त्याला दिसतं आणि जास्त असेल तर तो उभा राहतो. कुंकू लावलेला जावई चालतो, आणि तोही न थांबता चालतो, असं कुठल्याच मापाने होत नाही.

बाईंनी वहीतून डोकं वर काढलं. "मग अपघाताच्या दिवशी हा थांबला का नाही?"

मी सांगितलं की स्कॅनरला जंपर टाकला होता, दसऱ्यानंतर तेरा दिवस, आणि कुणाच्या सांगण्यावरून तेही सांगितलं. सिद्धेश जमिनीकडे बघत होता. हितेश सर यासाठी तयारच होते. त्यांनी काखेतली फाईल उघडून बाईंपुढे धरली आणि म्हणाले, मॅडम, ही बाई आता मैत्रिणीसाठी गोष्ट बनवतेय, हिच्याच सह्या बघा, तेराही दिवस स्कॅनर चालू.

बाईंनी पाने उलटली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, या सह्या तुमच्या? लाईनवर सगळी मशिनं बंद होती, त्यामुळे माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"सह्या माझ्या आहेत आणि खुणाही माझ्याच आहेत. तेराच्या तेरा खोट्या. स्कॅनर बंद आहे हे मला रोज सकाळी दिसत होतं. मी रोज बरोबर केलं. लिहून देते."

हितेश सर म्हणाले, विचार करून बोला, नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, त्या लायकीचंच काम केलंय मी, पण जाताना तुमचं नाव घेऊन जाईन. मग बाईंना सांगितलं की माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी खोटं लिहिणारी बाई आहे, तुम्ही जावयाला विचारा. त्याच्या पडद्यामागे त्याची स्वतःची नोंद असते, डोळ्याने तो दिवसात किती वेळा थांबला त्याची. साक्षीने ती मला दाखवली होती. सिद्धेशने सरांकडे न बघता ती उघडली. दसऱ्याआधी रोज चारशेच्या आसपास. माझ्या खुणांचे तेरा दिवस शून्य.

बाईंनी ते उतरवून घेतलं. मग माझ्याकडे कोरा कागद दिला. कुंकवाचा हात पुसायलाही मला सुचलं नाही, तसंच लिहिलं, कागदाला जागोजागी लाल बोटं लागली. कुणी सांगितलं, कुणी तार जोडली, कुणी खोटी खूण केली. शेवटच्या जागी माझं नाव होतं आणि ते मी सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिलं.

त्यांनी ते मशीन तिथल्या तिथे बंद करायला लावलं आणि पॅनेलला सील ठोकलं. पुढे काय चौकशी व्हायची ती होईल. मला चार वाजता पत्र मिळालं, खोटी नोंद केल्याबद्दल निलंबित. मी ते वाचलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून मी निमूट घेतलं.

बस येईपर्यंत थांबले नाही, रिक्षा करून तडक तुळसाबायच्या घरी गेले. ओटीवर ती बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. डाव्या हाताने पातेल्यातली कोलंबी सोलायचा प्रयत्न चालला होता आणि जमत नव्हतं. सून ओरडत होती, ती ऐकत नव्हती. मी जवळ बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. कुंकवाने काही झालं नाही, त्याला कुंकू चाललं होतं, तो उलट थांबलाच होता. त्याचा डोळा माणसाने बंद केला. आणि तो बंद आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

कोलंबी हातात धरूनच तिने विचारलं,

"तुला ठाव व्हता?"

मी हो म्हटलं.

"तेरा दिस तू मना रोज तिथं उभी केलीस. आन माझ्या डब्यातला खाल्लास."

मी हो म्हटलं. माफी मागायची ठरवून आले होते, पण तिचा चेहरा बघून ती मागायचा धीर झाला नाही. निलंबित झाल्याचं मी सांगितलं नव्हतं, ते तिला बाहेरून कळलंच असतं. तुळसाबायने कोलंबी पातेल्यात टाकली आणि प्लास्टरमधून बाहेर आलेली सुजलेली बोटं वळवायचा प्रयत्न केला. ती अर्धी वळली आणि तिथेच राहिली.

"हा हात सुटू दे," ती म्हणाली, "पयली थोबाडीत तुझ्या मारीन."

मी तिच्या पुढ्यातलं पातेलं ओढून घेतलं आणि कोलंबी सोलायला लागले.

"मार," मी म्हटलं. "पण उजव्यानेच मार, बाय. डाव्याने मारलीस तर मी मोजणार नाही."